शेऱ्याचा रकाना

(तेलुगू मुलखाच्या सीमेवरचं, तलमडुगू मंडलातलं एक मराठीभाषक गाव. मे महिना, सकाळचे नऊ. वावराच्या कोपऱ्यात मुरमाची सपाट जागा, तिच्या मधोमध जमिनीतून हातभर वर आलेला, झाकण लावलेला पांढरा पाइप. प्रीती हैदराबादला भूगर्भशास्त्रात संशोधन करते. नागनाथ गुरुजी तिचे शाळेतले शिक्षक, आता निवृत्त, तरी शाळेत पोरांना शिकवायला जातात. वावर जयवंताबाईंचं.)

प्रीती : मग हे काय आहे, गुरुजी?

नागनाथ : कुठं?

प्रीती : तुमच्या पायाखाली. हा पोपडा.

नागनाथ : हा होय. वाळलेलं शेण आहे. तू आधी सावलीत ये, ऊन चढून राह्यलं. फोटो मग काढ. पाइप कुठं पळून जात नाही.

प्रीती : इथं शेण कसं आलं?

नागनाथ : वावरात शेण कसं आलं, हे तू विचारतेस? हैदराबादनं पारच बिघडवलं तुला.

प्रीती : पडलेलं शेण नाही हे. सारवलेलं आहे. बोटांच्या रेघा दिसतात अजून. आणि पाइपाच्या एका बाजूला नाही, चारी बाजूंनी आहे. तिकडे पार बांधापर्यंत गेलंय. गोल.

नागनाथ : गोलच राहील ना. खळं आहे ते.

प्रीती : खळं.

नागनाथ : जयवंताबाईंनी यंदा दोन एकर ज्वारी पेरली होती. मशीनवाला म्हणाला, दोन एकरासाठी मी येत नाही. मग बाईंनी जुन्या रीतीनं मळणी केली. जागा ठोकून सपाट केली, शेणानं सारवली, कणसं पसरली, वरून बैल फिरवले. मी किती वर्षांनी पाहिलं. कणीस असं भरलं होतं, प्रीती, मुठीत मावत नव्हतं.

प्रीती : केव्हा?

नागनाथ : काय केव्हा?

प्रीती : खळं केव्हा केलं, गुरुजी? तारीख सांगा.

नागनाथ : तारीख आता कोण लक्षात ठेवतो. ज्वारी निघाली तेव्हा.

प्रीती : तुम्ही ठेवता लक्षात. दर एक तारखेला आणि सोळा तारखेला सकाळी आठ वाजता तुम्ही इथं येता. तीन वर्षांत एक खाडा नाही. ताप होता तेव्हाही डोक्याला रुमाल बांधून आलात. रजिस्टर कुठं आहे?

नागनाथ : पिशवीत. घे.

प्रीती : हे बघा. जुलै. 'काल अडीच तास पाऊस. पाइपाभोवती पाणी साचले होते, ओसरल्यावर फिल्म बदलली.' ऑक्टोबर. 'पाइपापासून चार हातांवर उंदराचे बीळ. माती भरून बुजवले.' डिसेंबर. 'झाकणावर सापाची कात.' सापाची कातसुद्धा लिहिलीत तुम्ही.

नागनाथ : तूच म्हणाली होतीस, जे दिसेल ते शेऱ्याच्या रकान्यात लिहा. आणि तुझ्या सरांना माझं अक्षर आवडतं म्हणालीस.

प्रीती : आवडतंच. सर पुण्याचे. असं मराठी अक्षर त्यांना हैदराबादेत कुठं पाहायला मिळतं? आता फेब्रुवारी ऐका. एक फेब्रुवारी, 'काही विशेष नाही'. सोळा फेब्रुवारी, 'काही विशेष नाही'. एक मार्च, 'काही विशेष नाही'. सोळा मार्च, 'काही विशेष नाही'.

नागनाथ : हो.

प्रीती : गुरुजी, पाइपाभोवती पंचवीस-तीस हात जमीन कोणी ठोकून, सारवून बंद करून टाकली. त्यात तुम्हाला विशेष काही दिसलं नाही?

नागनाथ : खळं होतं, पोरी.

प्रीती : तेच म्हणते मी.

नागनाथ : मी पण तेच म्हणतो. ज्वारी निघाली की खळं होतं. त्यात लिहायचं काय? सकाळी सूर्य उगवला, असं लिहितो का मी?

प्रीती : हा आलेख बघा.

नागनाथ : पाठ आहे मला तो. पोरांनी शाळेच्या भिंतीवर खडूनं काढलाय. सपाट, सपाट, सपाट आणि मग डोंगर.

प्रीती : सोळा फेब्रुवारीला लावलेल्या फिल्मचा आकडा दुप्पट. एक मार्चला लावलेल्या फिल्मचा तिप्पट. अठरा मार्चला भूकंपाचा धक्का बसला, गावात भांडी वाजली. आणि त्यानंतरची फिल्म खाली. अगदी पुस्तकात असतं तसं. माझं चार वर्षांचं काम या एका डोंगरावर उभं आहे, गुरुजी. सोमवारी पीएचडीच्या समितीपुढं मांडायचं आहे. बाकी अकरा गावांतल्या पाइपांत काही म्हणता काही नाही. फक्त इथं.

नागनाथ : फक्त आपल्या गावात. मला तर तेव्हा असं वाटलं...

प्रीती : मलाही वाटलं. मला तेव्हाच विचारायला हवं होतं, की फक्त इथंच काऊन?

नागनाथ : थांब. तू घाई करून राह्यलीस. वरवरच्या शेणानं काय होणार? बोटभर थर नाही.

प्रीती : तुम्ही पाचवीच्या पोरांना काय सांगता ते मला सांगा.

नागनाथ : आत्ता?

प्रीती : आत्ता.

नागनाथ : सांगतो की, खडकात रेडियम नावाचा पदार्थ असतो, अगदी कणभर. त्याच्यातून रेडॉन नावाचा वायू सुटतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो मातीच्या फटीफटीतून वर येतो आणि हवेत निघून जातो. खाली खोल खडकावर ताण आला, बारीक चिरा पडल्या, तर तो जास्त येऊ शकतो. येतोच असं नाही. पाऊस पडला, हवेचा दाब बदलला, तरी त्याचं कमीजास्त होतं. म्हणून आपण पाइपात प्लास्टिकची फिल्म टांगतो. त्या वायूचे कण तिच्यावर आदळतात, बारीक खड्डे पडतात. पंधरा दिवसांनी ती काढून प्रीतीताईंकडे पाठवायची. ताई ते खड्डे मोजतात.

प्रीती : आणि वायू जिथून हवेत निघून जातो, ती जमीन वरून बंद केली तर?

नागनाथ : तर आत तुंबेल.

प्रीती : आणि तीस हातांत आत शिरायला एकच पोकळी उरली असेल तर?

नागनाथ : तिच्यात भरेल.

प्रीती : कोणत्या पोकळीत, गुरुजी?

नागनाथ : मी तुला असं विचारायचो. फळ्यापाशी उभं करून.

प्रीती : हो.

नागनाथ : तेव्हा तुला रडू यायचं.

प्रीती : आताही येऊन राह्यलं. पण त्याला वेळ नाही. एकच गोष्ट महत्त्वाची आहे. फिल्म सोळा फेब्रुवारीपासून चढली. खळं जर मार्चमध्ये केलं असेल, तर फेब्रुवारीची ती दुप्पट जमिनीचीच आहे, खळ्याची नाही. निम्मा डोंगर तरी वाचतो.

नागनाथ : मार्चमध्येच असेल. मला वाटतं, होळीच्या आसपास.

प्रीती : वाटतं?

नागनाथ : आपण बाईंनाच विचारू. त्या बघ कापसाच्या पऱ्हाट्या उपटून राह्यल्या तिकडे. जयवंताबाई, ओ जयवंताबाई, जरा या इकडे.

जयवंताबाई : आली, आली. काऊन बोंबलून राह्यले मास्तर, सकाळी सकाळी? पाइपात साप गेला का?

नागनाथ : साप नाही. ही आली आहे, प्रीती.

जयवंताबाई : प्रीती होय? म्या तं ओळखलीच नाई. किती वाळली गं तू. होस्टेलात भाकर देत नाईत का तुले?

प्रीती : भात देतात, आजी. आजी, खळं कधी केलं तुम्ही?

जयवंताबाई : काऊन?

प्रीती : तारीख पाहिजे.

जयवंताबाई : तारीख मी नाई सांगत कोनाले.

नागनाथ : अहो, तिला कामासाठी पाहिजे.

जयवंताबाई : कामासाठीच पाह्यजे राह्यते साऱ्याईले. मागं एक सरकारी सार आले होते, टॅब घेऊन. तेबी असेच. बाई, हे कवा पेरलं, ते कवा काढलं. गोड बोलले, चहा पेले, अंगठा घेतला. मंग माह्या नातवानं, वैभवनं पहानी काढून आनली, जमिनीचा सरकारी कागद, तं खळ्याची जागा पडीत लिहेल. पडीत. माह्या आजेसासऱ्यापासून इथं रास पडते. नांगर फिरत नाई म्हनून पडीत का ते? ते खळं आहे म्हनून नांगर फिरत नाई.

प्रीती : ती पहाणी मी पाहिली आहे.

जयवंताबाई : तू कुठं पाह्यली?

प्रीती : पाइप लावायच्या आधी. आम्हाला अशी जागा हवी होती, जी सपाट आहे, कडक आहे, नांगरत नाहीत. तिथं लिहिलं होतं पडीत. मी माझ्या अहवालात लिहिलं, 'सपाट जागा, वापरात नाही.' माझ्या हातानं.

नागनाथ : तू तर इथलीच आहेस, प्रीती.

प्रीती : मला कळायला लागलं तेव्हापासून मळणी ट्रॅक्टरच्या मशीनवरच पाहिली, गुरुजी. खळं मी फक्त तुमच्या वर्गात पाहिलं, चित्रात.

जयवंताबाई : आन् तीन वरस पऱ्हाटीच होती इथं. खळं कोन करते पऱ्हाटीले? यंदा बैलाईले कडबा नोता, म्हनून ज्वारी टाकली. पन म्या सांगतलं होतं बरं. पाइप लावाले जे आले होते ना, त्याईले म्या सांगतलं, ही खळ्याची जागा आहे. त्याईले मराठी ये ना, मले तेलुगू ये ना. मान हालवली त्याईनं अन् गड्डा खंदला.

नागनाथ : जयवंताबाई, कोणी काही लिहून नेत नाही. मी समजावून सांगतो. भगुन्यात भात शिजतो. वर झाकण ठेवलं आणि झाकणाची कड कणकेनं लिंपली, तर वाफ कुठं जाते?

जयवंताबाई : जाते कुठं? कोंडते.

नागनाथ : आणि झाकणाला एक भोक असलं तर?

जयवंताबाई : तं साऱ्या वाफेचा लोट तिथूनच.

नागनाथ : तसं जमिनीतून एक वायू निघतो. तुम्ही वरून जमीन लिंपली. भोक म्हणजे हा पाइप.

जयवंताबाई : म्हंजे भूकंप म्या आनला?

नागनाथ : नाही, नाही. भूकंप आपला आपण आला.

जयवंताबाई : मंग माह्यावर काऊन येऊन राह्यले तुमी दोघंबी?

प्रीती : तुमच्यावर नाही, आजी. पाइपापर्यंत अगदी चिकटून सारवलं होतं का तुम्ही? की थोडी जागा सोडली होती?

जयवंताबाई : जागा काऊन सोडू? मास्तरनं सांगतलं होतं, पाइपाले हात लावू नका. म्या हात नाई लावला. बैल बांधाले मेढ दुसरी ठोकली, तिकडे. पन पाइपाच्या बुडाशी भेग होती. पानी शिरंल, मास्तरचं नुकसान होईल, म्हनून तिथं बोटानं दाबून दाबून लिंपलं. मुंगी जाईल तं पाह्य. तुमच्यासाठी केलं ते.

प्रीती : एकदाच सारवलं?

जयवंताबाई : एकदा कसं भागंल? बैलाच्या खुरानं उखडते ना. आठ-दहा दिसानं दुसरा हात दिला. तो जाड दिला.

प्रीती : म्हणून तिप्पट.

नागनाथ : प्रीती.

प्रीती : आणि ज्वारी घरी गेल्यावर?

जयवंताबाई : मंग कोन पाह्यते खळ्याकडे? शेळ्या नाचल्या, ऊन लागलं, पोपडे निंगाले.

प्रीती : म्हणून खाली. भूकंप झाला म्हणून नाही. शेळ्या नाचल्या म्हणून.

नागनाथ : तारीख अजून कळली नाही. होळीच्या आसपास होतं ना, जयवंताबाई?

जयवंताबाई : होळीले तं ज्वारी दळून खाल्ली आमी. तुमच्याकडे नाई का भाकरी धाडल्या होत्या मिरचीच्या ठेच्यासंगं? विसरले?

नागनाथ : मग त्याच्या आधी. पण फार आधी नाही. मार्चच्या सुरुवातीला म्हणा.

जयवंताबाई : तुमीच सारं ठरवून राह्यले, तं मले काऊन हाक मारली?

नागनाथ : बरं, नाही ठरवत. तुम्ही आठवा. त्या दिवशी आणखी काय झालं होतं? बाजार होता? कोणी पाहुणा आला होता?

जयवंताबाई : मास्तर, तुमी मले काय इचारून राह्यले? तुमी तं होते.

नागनाथ : कुठं?

जयवंताबाई : इथं. खळ्यात.

नागनाथ : सारवलं तेव्हा?

जयवंताबाई : सारवून नुकतंच झालं होतं. ओलं होतं. तुमी फिलमचा डबा घेऊन आले. तिथं कडेले चपला काढल्या, धोतर... नाई, पँट होती, ते वर धरली अन् अलगद अलगद पाय टाकत आले. म्या म्हनलं, थांबा, वाळू द्या. तुमी म्हनले, आठ वाजले. तुमचे पाय उमटले होते सारवनात. तुमी गेल्यावर म्या पुन्हा हात फिरवला त्याच्यावरून.

प्रीती : कोणत्या दिवशी, आजी? फिल्म बदलायचे दिवस ठरलेले आहेत. एक तारीख, नाही तर सोळा. एक मार्च होता का?

जयवंताबाई : तारीख मले नाई सांगता येत, सांगतलं ना. पेढ्याचा दिवस होता.

नागनाथ : पेढ्याचा?

जयवंताबाई : तुमच्या नातीचा वाढदिवस नोता का? पेढा काढला तुमी खिशातून, कागदातला. म्या म्हनलं, हात शेनाचे आहेत माह्ये. तुमी म्हनले, तोंड उघडा. अन् माह्या तोंडात टाकला. मी हासली किती. सासू राह्यली असती तं दोघाईलेबी वावराच्या बाहेर काढलं असतं.

प्रीती : मयूरीचा वाढदिवस कधी असतो, गुरुजी?

नागनाथ : बस जरा, प्रीती.

प्रीती : कधी असतो?

नागनाथ : सोळा फेब्रुवारी.

जयवंताबाई : हां. मंग तेच.

प्रीती : सोळा फेब्रुवारी. सकाळी आठ. ओल्या सारवणावर पाय ठेवून तुम्ही झाकण उघडलं, जुनी फिल्म काढली, नवी लावली. घरी गेलात आणि या सुंदर अक्षरात लिहिलंत, 'काही विशेष नाही'.

नागनाथ : मी खोटं नाही लिहिलं.

प्रीती : खोटं लिहिलं असतं तर बरं झालं असतं. मला राग तरी करता आला असता.

नागनाथ : कर. राग कर.

प्रीती : कसा करू? तुम्ही एक दिवस चुकला नाहीत. बाकी अकरा गावांत पगारी माणसं आहेत. कोणी आठ दिवस उशिरा फिल्म बदलतं, कोणी आंब्याच्या पेटीत ठेवून पाठवतं. त्या सगळ्यांना मी तुमचं रजिस्टर दाखवते. असं लिहायचं म्हणून. आणि चूक निघाली ती तुमच्याकडे. का नाही दिसलं तुम्हाला?

नागनाथ : तेच शोधून राह्यलो मी इतका वेळ. चपला काढल्याचं मला आठवतही नाही.

जयवंताबाई : खळ्यात कोनी चपला घालून येते का?

नागनाथ : तेच ते. पायांनी ओळखलं खळं. त्यांनी आपलं आपण केलं. डोक्यापर्यंत बातमी आलीच नाही. प्रीती, माझा बाप या वावरात सालदार होता. हे खळं तो ठोकायचा आणि माझी आई सारवायची. मी त्या बांधावर बसून पाढे म्हणायचो. इथल्या शेणाचा वास म्हणजे माझ्यासाठी... काही घडलं असं नाही वाटत त्यात. सगळं ठीक आहे, असं वाटतं.

जयवंताबाई : तुमच्या मायसारखं, चंपाबाईसारखं सारवन कोनालेच जमलं नाई. आरशावानी. सासरा म्हने, पडली ज्वारी तं दाना दिसला पाह्यजे.

नागनाथ : आणि रास पुजली की आईला आत पाय टाकायची मनाई.

जयवंताबाई : ते खरं आहे. मी नवी होती तवा. पाह्यलं म्या. बोलली नाई.

नागनाथ : तुम्ही काय बोलणार होतात? सून होतात तुम्ही.

जयवंताबाई : तरी.

प्रीती : आजी, हे सगळं मला माहीत आहे, आमच्या घरीही तेच सांगतात. पण सोमवारी मी काय सांगू? सोमवारी बारा लोक बसतील समोर. मी म्हणणार होते, या एका ठिकाणी धक्क्याच्या महिनाभर आधीपासून जमिनीतला वायू वाढत गेला. चार वर्षांत एवढं एकच वाक्य आहे माझ्याकडे.

जयवंताबाई : मंग सांग ना. वाढलाच होता ना?

प्रीती : वाढला होता.

जयवंताबाई : मंग?

प्रीती : खळ्यामुळं वाढला.

जयवंताबाई : साराच खळ्यानं? थोडासाबी जमिनीनं नाई?

प्रीती : असेलही थोडा जमिनीचा. कदाचित खरंच असेल. पण आता दोन्ही एकात एक मिसळले. वेगळं काढता येणार नाही. भात आणि वरण कालवल्यावर भाताचा दाणा धुऊन परत ठेवता येतो का? तसंच.

नागनाथ : काही उपाय? पुन्हा खळं करून, मोजून पाहिलं तर? सारवणानं किती वाढतो, ते कळेल.

प्रीती : कळेल. सहा महिने लागतील, आणि त्यातून एवढंच कळेल की सारवल्यावर वायू वाढतो. भूकंपाचं काही कळणार नाही. भूकंप आपल्या सोयीनं परत येत नाही, गुरुजी.

नागनाथ : नाही येत.

प्रीती : रजिस्टरात तर काही नाही.

नागनाथ : काय म्हणालीस?

प्रीती : काही नाही. रजिस्टरात खळ्याचा उल्लेख नाही, एवढंच म्हणाले. समितीतलं कोणी इथं येत नाही. मी आज फोटो काढायला आले नसते तर मलाही कळलं नसतं. पंधरा दिवसांत पाऊस पडेल, हे पोपडे वाहून जातील.

जयवंताबाई : मी तं कोनाले सांगत नाई. मले कोन इचारते?

प्रीती : गुरुजी, तुम्ही बोला ना काहीतरी.

नागनाथ : काय बोलू?

प्रीती : नेहमी बोलता ते.

नागनाथ : नेहमी मी तुझ्या चुकीवर बोलायचो. आज चूक माझी आहे. चार वर्षं तुझी गेली, माझं काय गेलं? मी निवृत्त माणूस. सकाळी फिरायला निमित्त होतं मला. माझ्या तोंडून तुला शहाणपण कसं शोभेल?

प्रीती : तुम्ही आता असं म्हणून मोकळे होऊ नका.

नागनाथ : मोकळा नाही होत. उद्या ती पोरं विचारतील, गुरुजी, ताईचा डोंगर कुठवर आला? मी त्यांना दहा वेळा सांगितलं आहे की आपल्या पाइपाला आधी कळलं होतं. मी त्यांना शिकवलं ते, प्रीती. पडताळून न पाहता. आनंदाच्या भरात. पन्नास पोरांना.

जयवंताबाई : गावालेबी तुमीच सांगतलं. लोकं म्हनतात, मास्तरचा पाइप आहे तं आपल्याले भेव नाई.

नागनाथ : ते पण मीच.

प्रीती : भेव आहे, आजी. पाइप आहे म्हणून निजू नका निश्चिंत. अजून कोणालाच आधी सांगता येत नाही.

जयवंताबाई : मंग तीन वरस इथं काय मोजलं तुमी?

प्रीती : शेवटच्या वर्षी तर खळं मोजलं.

जयवंताबाई : ते मी फुकट सांगतलं असतं.

नागनाथ : हस, प्रीती. थोडं हस. बरं वाटेल.

प्रीती : मला हसायचं नाही. पेन आहे का तुमच्याकडे?

नागनाथ : आहे.

प्रीती : रजिस्टर घ्या. जुन्या नोंदीवर खाडाखोड करायची नाही, वर काही घुसवायचं नाही. खाली नवीन ओळ. आजची तारीख टाका.

नागनाथ : टाकली.

प्रीती : लिहा. 'सोळा फेब्रुवारीच्या नोंदीत राहून गेलेली गोष्ट.'

नागनाथ : 'राहून गेलेली' कशाला? 'मी न लिहिलेली' असं लिहितो.

प्रीती : तसं लिहा. 'त्या दिवशी सकाळी आठच्या आधी पाइपाभोवती खळे करून जमीन शेणाने सारवली होती. पाइपाच्या बुडाशी भेग लिंपली होती. फिल्म बदलताना सारवण ओले होते.'

नागनाथ : 'ओले होते.' पुढं?

प्रीती : 'आठ-दहा दिवसांनी दुसरे, जाड सारवण. मार्चमध्ये मळणी संपल्यावर सारवण उखडले.' तुम्हाला दिसतंय ना नीट?

नागनाथ : दिसतंय. ही माहिती कोणी दिली, तेही लिहावं लागेल ना?

प्रीती : हो. आजी, तुमचं नाव लिहिलं तर चालेल का?

जयवंताबाई : अंगठा द्यावा लागंल?

प्रीती : नाही. नुसतं नाव.

जयवंताबाई : मंग लिहा. पन पुरं लिहा. जयवंताबाई चंपतराव. अन् त्याच्या खाली लिहा, का ही जागा पडीत नाई.

नागनाथ : ते या रजिस्टरात कसं...

प्रीती : लिहा, गुरुजी. 'ही जागा पडीत नाही. पिढ्यान्‌पिढ्या खळ्याची आहे.' माझ्या अहवालातलं वाक्यही मला बदलायचं आहे. हाच पुरावा लावते त्याला.

जयवंताबाई : पाह्य. एका तरी कागदावर आलं.

नागनाथ : झालं. सही करू?

प्रीती : करा. मी पण करते. आता सरका थोडे, मला या पोपड्यांचा फोटो घेऊ द्या. आजी, तुम्ही तिथं उभ्या राहा, कडेला. म्हणजे केवढं मोठं होतं ते कळेल.

जयवंताबाई : अशी? पदर नीट करू दे.

नागनाथ : प्रीती, सोमवारी मी येऊ का हैदराबादला? त्या बारा जणांसमोर मी सांगतो की चूक माझी.

प्रीती : नको. जागा मी निवडली होती. थांबा, आधी सरांशी बोलते.

नागनाथ : आत्ताच? थोडं पाणी पी. संध्याकाळी कर फोन.

प्रीती : संध्याकाळपर्यंत माझं मन बदलेल, गुरुजी. हॅलो. हां, सर, नमस्कार. हो, वावरातच आहे. काढले फोटो. नाही, सर, परिशिष्टात लावायचे नाहीत ते. तुम्हाला पंधरा मिनिटं आहेत का? नाही, पाइप ठीक आहे. सर, ऐका. आधी मला तुम्हाला खळं म्हणजे काय ते सांगावं लागेल.